तोपखाना, धोबखाना आणि सेतुराव

सेतुराव कुणाच्याही घरात शिरला की आधी त्या घराचा फ्रीज बंद करतो. नमस्कार त्यानंतर. फ्रीज झाला की पंखा, पंख्यानंतर भिंतीवरचं घड्याळ. घड्याळातला सेल काढून तो घराच्या मालकिणीच्या हातात ठेवतो आणि सांगतो, "जपून ठेवा, जाताना घालतो." जाताना तो विसरतो. राजवाड्यामागच्या आमच्या गल्ल्यांत निदान सात घरांची घड्याळं त्याच्या भेटीच्या वेळेवर अडकून पडली आहेत.

वयानं तो माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठा. तोंडावर मी त्याला सेतुमामा म्हणतो, अहो-जाहो करतो. इथं मात्र एकेरीतच लिहिणार आहे. माझा त्याच्यावर राग आहे आणि तो मला कुठंतरी मांडायचाच होता.

तंजावूरच्या मे महिन्यात पंखा बंद करून माणसाला बसवायचं, त्याच्या तोंडापुढं केसाळ टोपी घातलेला माईक धरायचा आणि म्हणायचं, "हे इतिहासात जाणार आहे. नीट बसा." समोरचा ऐंशी वर्षांचा म्हातारा घामानं निथळतो. कुठं कुकरची शिट्टी झाली की सेतुराव कपाळाला हात लावतो. कावळा ओरडला की घरातल्या सुनेला अंगणात पिटाळतो. एका घरी तो फ्रीज बंद करून गेला आणि पुन्हा लावायला विसरला. इडलीचं पीठ फसफसून खालच्या कप्प्यातल्या भाजीत उतरलं. त्या घरची म्हातारी दोन महिन्यांनी वारली, पण सून अजून सांगताना पिठापासूनच सुरुवात करते.

हे वारण्याचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं.

माझा धंदा केळीच्या पानांचा. तिरुवैयारुकडच्या बागांतून पानं येतात, मी ती लग्नमंडपांना, खानावळींना आणि तेराव्याला पुरवतो. तेराव्याच्या पानांची मागणी घेताना मी एकच प्रश्न विचारतो, "किती पंगती?" हळूहळू माझ्या लक्षात आलं की ज्या घरी सेतुराव माईक घेऊन जातो, त्या घरून वर्षाच्या आत माझ्याकडे पानांची मागणी येते. एकदा नव्हे, दोनदा नव्हे. बाजारात ही गोष्ट मीच पहिल्यांदा बोललो, हे कबूल करतो. नंतर ती माझी राहिली नाही. त्याचा माईक दिसला की लोक दारं लावू लागले. एका आजोबांनी आतून ओरडून सांगितलं, "मी घरात नाही!" सेतुराव बाहेरून म्हणाला, "आवाज छान आहे. पुन्हा एकदा म्हणा."

आता यात माईकचा दोष नव्हता, हे मलाही कळतं. तो जायचाच मुळी ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढच्यांकडे. चांगलं मराठी बोलणारे तेवढेच उरलेत. आमच्या मुलांना मराठी कळतं, पण उत्तर तमिळमध्ये येतं.

सेतुराव वीज खात्यात मीटर वाचायला होता. तीस-पस्तीस वर्षं जिल्हाभर, पापनाशमपासून इकडे, घराघरांत शिरून त्यानं आकडे टिपले. टिपता टिपता कान आत असायचा. कुठल्या घरात मराठी बोलतात, कुठली म्हातारी सुनेला कुठल्या जुन्या शब्दानं शिव्या घालते, हे त्याला पाठ. निवृत्त झाल्यावर तो एका कॉलेजच्या छोट्या रेडिओ केंद्रात जाऊन बसला. तिथल्या लोकांनी कंटाळून त्याला रविवारी सकाळची पंधरा मिनिटं दिली. कार्यक्रमाचं नाव 'इथं कोण होतं?' जिल्ह्याचा इतिहास, मराठीतून. त्या केंद्राचा आवाज तिरुवैयारुच्या पुलापर्यंत कसाबसा जातो, पापनाशमला नुसती खरखर पोचते. पुढं कॉलेजातल्या एका बाईंनी तो कार्यक्रम पॉडकास्ट म्हणून इंटरनेटवर चढवला.

"पॉडकास्ट म्हणजे काय हो मामा?" मी विचारलं होतं.

"रेडिओ मेला तरी उरतो तो."

परदेशातून एक माणूस रोज ऐकतो, अशी बातमी सेतुरावानं वर्षभर मिरवली. तो त्याचाच भाचा निघाला. त्याला झोप येत नाही म्हणून तो लावायचा.

मोठ्या देवळाबद्दल सेतुराव कधी बोलला नाही. "त्याला माझी गरज नाही, उभं आहे ते," म्हणायचा. सांबार आपल्या लोकांनी शोधलं असं कुणी अभिमानानं म्हणालं की त्याचा पारा चढायचा. "पुरावा आहे? वाटी दाखवा." त्याला हवं असायचं ते वेगळंच. पापनाशमच्या बस थांब्याजवळ एक मोडका मैलाचा दगड आहे, त्यावर त्यानं तीन रविवार घालवले. तिसऱ्या रविवारी कळलं की तो मैलाचा दगड नाहीच, कुणाच्या तरी गोठ्याचा खांब आहे. हेही त्यानं तितक्याच गंभीरपणे सांगितलं.

आता त्याच्या कागदांबद्दल. आमच्याकडे देवनागरी वाचणारे थोडेच. घरात मराठी लिहायचं झालं तर आम्ही ते तमिळ अक्षरांत लिहितो. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. त, थ, द, ध यांनाही एकच. प, फ, ब, भ तसेच. बोलणाऱ्याला ठाऊक असतं काय लिहिलंय. पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला काय ठाऊक? लोक सेतुरावाकडे घरातले जुने कागद पाठवायचे आणि तो ते रेडिओवर वाचायचा. एकदा त्यानं सांगितलं, "राजेसाहेब रोज सकाळी उठून स्वतः कोडे सोडवीत." पुढं दहा मिनिटं तो त्या राजाच्या बुद्धीचं कौतुक करत होता. कागदावर घोडे होते.

तेव्हा मी खूप हसलो होतो.

माझ्या आजोबांच्या हातचा एक कागद आमच्या घरी होता. त्यात आम्ही या गावात कसे आलो ते तमिळ अक्षरांत लिहिलेलं. लहानपणापासून मी ऐकत आलो की आमचे पूर्वज राजांच्या तोपखान्याकडे होते. मी सातवीत शाळा सोडली, सायकलवर पानांचे भारे वाहिले, बागवाल्यांशी एकेका पानासाठी भांडलो. जे काही आहे ते भांडून मिळवलंय. तोपखाना तेवढा घासाघीस न करता मिळाला होता. म्हणून मी तो कागद स्वतः नेऊन सेतुरावाच्या हातात दिला. म्हटलं, येऊ द्या आमचं नाव इतिहासात.

त्या रविवारी मी नातेवाइकांना फोन करून ठेवले होते. बायकोनं शिरा केला. आई ट्रान्झिस्टरजवळ नऊवारी नेसून बसली, जणू सेतुराव तिला आतून बघणार होता. खरखरीतून त्याचा आवाज आला. आमचं नाव आलं, आजोबांचं नाव आलं. मग तो म्हणाला, "हे घराणं राजांच्या धोबखान्याकडे होतं. राजवाड्यातलं सगळं धुणं यांच्या देखरेखीखाली होई." पुढं धुण्याचे दगड, घाट, राणीवशाची लुगडी. पूर्ण पंधरा मिनिटं.

शिऱ्याला कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारात गाडी उतरवायच्या आत सुरू झालं. समोरचा नारळवाला हाक मारून म्हणाला, "एन्न, काय रावजी, दोन वेष्ट्या धुवायला टाकायच्या होत्या. इस्त्रीसकट कधी मिळतील?" खानावळीच्या मॅनेजरनं पानं मोजून घेताना विचारलं, "धुतलेली आहेत ना?" हीच माणसं कालपर्यंत भावावरून माझ्यापुढं दबून असायची.

मी तसाच सेतुरावाच्या खोलीवर गेलो.

"मामा, तुम्ही माझ्या घराण्याचं काय केलंत?"

"काय केलं? वाचलं."

"तोपखाना आहे तो! तोपा! धडाम!" मी हातांनी तोफ करून दाखवली.

त्यानं चष्मा लावला, कागद उजेडात धरला. "तोप कुठं आहे यात? हे बघ नरसिंगा. त म्हण नाहीतर ध म्हण, अक्षर एकच. प म्हण नाहीतर ब म्हण, अक्षर एकच. तू तोप वाचतोस, मी धोब वाचतो. अक्षर कुणाची बाजू घेत नाही."

"मग तुम्ही धोबच कां वाचलंत?"

"शेवटच्या राजांनी तोपा किती उडवल्या आणि लुगडी किती धुतली, याचा विचार केला."

"लोक हसतायत मला!"

"कां हसावं? तोपेनं माणूस मरतो. धुण्यानं कोण मेलं?"

"रविवारी दुरुस्ती वाचा. तोपखाना म्हणून सांगा."

"पुरावा आण, वाचतो."

"माझी आई पुरावा. ती आजोबांच्या हाताखाली या घरात नांदली. त्यांच्या तोंडून शब्द ऐकलेली ती एकटी उरलीय."

"हां," सेतुराव विचार करून म्हणाला, "पण तुझी आई मौखिक आहे."

मी खुर्ची उचलली. मारली नाही. उचललेली खुर्ची पुन्हा जागेवर ठेवताना फार लाज वाटते, आणि त्याबद्दलही मी त्याला माफ केलेलं नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. एक, राजवाड्याजवळच्या शनिवारच्या वर्गात जाऊन बाळबोध लिपी शिकलो, कारण तिच्यात त आणि ध वेगळे आहेत. दोन, त्याच्याशी बोलणं बंद केलं. गल्लीत तो समोरून आला की मी केळीच्या पानाकडे बघायचो.

आई गप्प झाली होती. त्या रविवारपासून ट्रान्झिस्टर लावायची, ऐकायची, काही बोलायची नाही. मला वाटलं, मनाला लागलंय तिच्या. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, आणि सासऱ्याचं नाव असं निघालं. मग पावसाळ्यात ती न्हाणीत पडली. हाड मोडलं नाही, पण खाटेवरून उठेना. डॉक्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टरनं खांद्यावर हात ठेवला की मला काय ते कळतं. पुढची पानं मीच पुरवतो.

एका सकाळी आई म्हणाली, "त्या मीटरवाल्याला घेऊन ये."

"कशाला?"

"मामंजींच्या तोंडचा शब्द मला ठाऊक आहे. एकदा सांगून टाकते."

"मला सांग की."

"तुला नको. तू ओरडतोस."

तोपर्यंत माझ्या डोक्यात एवढंच होतं की कागद खोटं बोलू शकतो, आईचं तोंड नाही. तिनं एकदा तो शब्द माईकमध्ये म्हटला की नारळवाल्यापासून भाच्यापर्यंत सगळ्यांना गप्प बसावं लागेल. आणि ती गेली की तो शब्द म्हणणारं जगात कुणी राहणार नव्हतं. पण माईक घरात आणायचा म्हणजे काय, ते मला बाजारात मीच शिकवलेलं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मी राग गिळून त्याच्या खोलीवर गेलो आणि सौदा सुरू केला.

"माईक न लावता ऐका."

"मग ते मौखिकच राहिलं."

"माईक अंगणात ठेवा. आई आतून बोलेल."

"मग कावळा इतिहासात जाईल."

"एकच शब्द, मामा. एकच. मुलाखत नाही, जन्म कुठला नाही, लग्न कधी नाही. एका शब्दानं कुणाला काही होत नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हसणार. तो हसला नाही. लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात, ते त्याला कुणीतरी सांगितलं असावं. "एक शब्द," तो म्हणाला. "दहा मिनिटं." सौदा ठरला.

तो गुरुवारी आला. फ्रीज, पंखा, घड्याळ. बायकोनं आईची दृष्ट काढली, मग त्याचीही काढली, वर माईकचीही. मला त्यानं बाहेर काढलं. "तुझा श्वास ऐकू येतो." मी वखारीवर गेलो. दहा मिनिटांचे तीन तास झाले. मी परत आलो तर दारातच आईचं हसणं ऐकू आलं. आई पडल्यापासून हसली नव्हती.

सेतुराव खाटेजवळ जमिनीवर मांडी घालून बसला होता. पुढ्यात मेतकूट-भाताची रिकामी थाळी. माईक स्टुलावर, केसाळ टोपी घालून. आई त्याला तिची नणंद लग्नात रुसून कशी विहिरीकाठी जाऊन बसली आणि तिला समजवायला गेलेला नवराच कसा पाय घसरून आत पडला, ते सांगत होती. हे मी कधी ऐकलं नव्हतं.

"शब्द मिळाला कां मामा?"

"मिळाला."

"मग? तोप की धोब?"

आईनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं आईकडे. "रविवारी ऐक की," आई म्हणाली, आणि दोघं पुन्हा हसायला लागली. मला वाटलं, शाबास. आता नारळवाल्याला बघतो.

रविवारी मी त्या नारळवाल्यालाच चहाला घरी बोलावलं होतं. आईला उशा लावून बसवलं. सेतुरावानं लावलं काय, तर तिरुवैयारुच्या एका घाटाच्या पायऱ्या. पंधरा मिनिटं पायऱ्या. जुनाच भाग, मी आधी ऐकलेला. नारळवाला चहा पिऊन गेला.

"पुढच्या वेळी असेल," आई म्हणाली. "माझं मोठं आहे, त्याला कापायला वेळ लागत असेल."

पुढच्या रविवारी तिनं सकाळपासून ट्रान्झिस्टर छातीवर घेऊन ठेवला होता. लागला तो पापनाशमचा गोठ्याचा खांब. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिनं तो बंद केला आणि कुशीवर वळली. मंगळवारी ती गेली.

तेराव्याची पानं मी स्वतः निवडली. एकही फाटकं पान जाऊ दिलं नाही. पंगती किती, ते मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. सगळी गल्ली आली. सेतुराव आला नाही. लोक एकमेकांच्या कानाशी लागून माईक म्हणत होते. मीही मनात तेच म्हणत होतो. दोन रविवार म्हातारीला ताटकळत ठेवलं त्यानं, आणि शेवटचा भात खायला तोंड दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खोलीवर गेलो. भांडायलाच गेलो होतो, पण दारात पोचेपर्यंत मला भांडणापेक्षा दुसरंच काहीतरी हवं झालं होतं. तीन तासांचा तिचा आवाज होता त्याच्याकडे. आमच्याकडे तिचा आवाज कशातच नव्हता. कुणाच्या फोनमध्येसुद्धा नाही. घरच्या माणसाचा आवाज कोण साठवून ठेवतो?

खोलीत भिंतभर बुटांचे खोके. प्रत्येक खोक्यावर तमिळ अक्षरांत नावं. मी आईचं नाव शोधू लागलो.

"ते नाही मिळणार," सेतुराव खाटेवरून म्हणाला.

"कां? कुठं ठेवलंत?"

"नाहीच. बटण दाबलं नव्हतं."

मला आधी कळलंच नाही. मग मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या घरातून कुणीतरी खिडकी उघडली, तीच खिडकी मी ओरडून बंद करायला लावली. पस्तीस वर्षं आकडे टिपणारा माणूस, घड्याळाचे सेल काढणारा, कावळे हाकलणारा, आणि बटण दाबलं नव्हतं?

माझा दम संपल्यावर तो म्हणाला, "मी दारातून आत आलो, तशी ती म्हणाली, 'ये रे. येवढ्या उन्हाचा आलास, जेवलास कां?'"

"मग?"

"मग काय? जेवलो नव्हतो."

त्यानं खाटेजवळच्या एका खोक्याचं झाकण नीट बसवलं. "तुझी कमलामामी गेल्यापासून मला हे मराठीत कुणी विचारलं नव्हतं. अकरा वर्षं झाली. मुलगा चेन्नईहून फोन करतो, तमिळ बोलतो. नात इंग्रजी. मुलाखतीला लोक मराठी बोलतात, नाही असं नाही. पण माईक पुढं केला की सगळे इतिहास बोलायला लागतात. तुझी आई माझ्याशी बोलली. मध्येच मला आठवलं, बटण राहिलं. तेव्हा ती नणंदेचं सांगत होती. आता हिला थांबवून म्हणू, पहिल्यापासून सांगा? नाही म्हणवलं. म्हटलं, पुन्हा येऊ. त्या वेळी अंगणातच बटण दाबून मग आत जाऊ."

"मग आलां कां नाही?"

"काय सांगून येणार होतो? तीन तास तुमचं जेवून गेलो, आणि टिपलं काहीच नाही? रोज निघायचो. गल्लीच्या तोंडापर्यंत यायचो."

मी खोक्यांना टेकून खाली बसलो. बसल्या बसल्या मला शब्द आठवला. एवढं सगळं ज्याच्यासाठी झालं तो शब्द.

"तो तरी सांगा," मी म्हटलं. "तोप की धोब? ती काय म्हणाली?"

सेतुराव उठला, पाणी प्यायला, खाली बसला. मग जमिनीकडे बघत, आई बोलायची तसा सूर लावून म्हणाला, "ती म्हणाली, मामंजी तोपखाना म्हणायचे रे. तोपखाना. येत्या रविवारी दुरुस्ती वाचतो. तुझ्या आईचं नाव घेऊन वाचतो."

चाळीस वर्षं मी भाव ऐकतोय. खरा भाव सांगणारा माणूस माझ्या तोंडाकडे बघतो. खोटा सांगणारा पानाकडे बघतो, दोरीकडे बघतो, आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघतो. सेतुराव अंगठ्याकडे बघत होता. म्हणजे आई धोबखाना म्हणाली होती. म्हणूनच तिला मला सांगायचं नव्हतं. म्हणूनच ती दोघं हसत होती. आणि मैलाच्या दगडाला गोठ्याचा खांब म्हणायला न कचरलेला हा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा, पुराव्याच्या विरुद्ध बोलत होता. तेही इतक्या वाईट रीतीनं की बाजारात एक दिवस टिकला नसता.

"दुरुस्ती वाचू नका," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. "नको?"

"नको. राहू द्या आहे तसं. पण ती जे म्हणाली ते पुन्हा एकदा सांगा. ती म्हणाली तसंच."

"मामंजी तोपखाना म्हणायचे रे," तो म्हणाला. शब्द खोटाच होता. पण 'मामंजी'तला मधला सूर लांबवून शेवटी खाली टाकायची तिची जी लकब, ती अगदी हुबेहूब तिची होती. तिच्या खाटेशी तीन तास बसून त्यानं ती कुठल्याही यंत्राशिवाय उचलून आणली होती.

मी त्याला ते तिसऱ्यांदा म्हणायला लावलं.